आर-टाइप डायमेन्शन्स ईएक्स (स्विच) : पावसाळाभर खेळल्यानंतर

जुना गेम नव्याने करताना कशाला हात लावायचा नाही, हे आधी कळावं लागतं. ‘आर-टाइप डायमेन्शन्स ईएक्स’ हा विमान उडवत शत्रूंना गोळ्या घालायचा गेम, आणि तो नव्याने करणाऱ्यांना ते नेमकं कळलंय. स्विचवर, म्हणजे टीव्हीला जोडून किंवा हातात धरून खेळायच्या निन्टेन्डोच्या यंत्रावर, जूनमध्ये घेतला, आता दिवाळी आली, तरी आमच्या सांगलीच्या घरात तो जवळपास रोज चालू असतो.

आयरेम या जपानी कंपनीने १९८७ साली आर्केडमध्ये (नाणी टाकून खेळायच्या मशीनवर) आणलेला आर-टाइप आणि १९८९चा दुसरा भाग, दोन्ही यात आहेत. चालू खेळात एक बटण दाबलं की थ्रीडी चित्रं जाऊन मूळची ठिपक्यांची चित्रं येतात, परत दाबलं की थ्रीडी. शत्रू त्याच जागी, गोळ्या त्याच वेगाने. रंगरूप बदललं, पण खेळाचं गणित तेच ठेवलं. टीव्हीवर मी थ्रीडीत खेळतो. लाईट गेली की स्विच हातात घेऊन जुन्या चित्रांवर जातो, कारण छोट्या स्क्रीनवर गोळ्या त्यातच ठळक दिसतात.

या गेमचा जीव म्हणजे ‘फोर्स’, आपल्या आर-९ विमानासोबतचा गोळा. तो पुढे लावा, मागे लावा, नाहीतर सोडून द्या, लांबूनही तो मारा करत राहतो. साध्या गोळ्या अंगावर झेलतो आणि स्वतः कधी फुटत नाही. वाटेत गोळा करायच्या निळ्या स्फटिकाने भिंतींवर आपटून परतणारा लेझर मिळतो, पिवळ्याने जमीन आणि छताला धरून सरपटणारा. बटण दाबून धरलं की मोठा झोत साठतो, पण तेवढा वेळ साधा मारा बंद! कधी साठवायचं आणि कधी सोडायचं, यातच सगळा खेळ आहे. पहिल्या भागाच्या तिसऱ्या टप्प्यात तर एकच अजस्र युद्धनौका, तिच्याभोवती फिरत तिचा एकेक भाग उडवायचा. इतक्या वर्षांपूर्वी हे कुणाला सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं.

क्लासिक मोड कडक आहे. मेलात की मिळवलेली शस्त्रं जातात आणि मागच्या ठरावीक जागेवरून सुरुवात. पुढच्या टप्प्यांत नुसत्या विमानावर तिथून बाहेर पडणं फार अवघड. इन्फिनिट मोडमध्ये जीव संपत नाहीत, मेलात तिथूनच पुढे. माझा भाचा कोल्हापूरहून आला की आम्ही तोच लावतो. मूळ मशीनवर दोघांना आळीपाळीने खेळावं लागायचं, इथे दोन विमानं एकाच वेळी उडतात. ‘मामा, फोर्स मागं घे, मागनं आली बघ!’ हे ओरडणं आता शेजारच्यांनाही पाठ झालंय.

तिरका कॅमेराही दिलाय. बघायला छान, पण अरुंद बोगद्यातून विमान काढताना मला अंतर कळत नाही, म्हणून मी समोरचाच ठेवतो.

घेतलात तर आधी इन्फिनिटमध्ये पहिल्या भागाचे आठही टप्पे बघून घ्या. शत्रू दर वेळी ठरलेल्या जागेवरूनच येतात, त्या जागा लक्षात बसल्या की मग क्लासिक.