घरच्या सर्व्हरला एन१०० की जुना झिऑन?

घरातले फोटो, कागदपत्रं आणि बॅकअप स्वतःच्याच मशीनवर ठेवायचे म्हटलं की हा प्रश्न येतोच. २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा प्रोसेसर मुळात स्वस्त लॅपटॉपसाठीचा: ४ कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), ६ वॅट. इंटेलचाच २०१६ चा झिऑन ई५-२६८० व्ही४ अस्सल सर्व्हरचा: १४ कोअर, २८ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), १२० वॅट. जुन्या बाजारात तो आता अगदी स्वस्तात मिळतो.

पण खरी किंमत कळते ती वीजबिलात. चोवीस तास चालू असलेलं झिऑनचं मशीन सरासरी ८० वॅट खात असेल, तर महिन्याला जवळपास ५८ युनिट होतात. १० वॅटचं मशीन सात-साडेसात युनिटांत भागवतं. शिवाय एन१०० मध्ये ग्राफिक्स आतच असतं. झिऑनला वेगळं कार्ड लावावं लागतं.

झिऑनचं बळ मेमरीत आहे. मेमरीकडे जाणाऱ्या चार वाटा, म्हणजे चॅनेल, आणि चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम. एन१०० ची अधिकृत मर्यादा १६ जीबी, तीही एकाच चॅनेलवर. दहा-बारा व्हर्च्युअल मशीन (एकाच संगणकात चालणारे आभासी संगणक) चालवून शिकायचं असेल, तर मी झिऑनच घेईन आणि काम नसताना बंद ठेवीन. नुसत्या फोटो-बॅकअपला मात्र एन१००, डोळे झाकून.