आठ महिने व्हे प्रोटीन: पावडर कामाची, पण स्कूपवर विसंबू नका

गेल्या मंगळवारी मोबाइलवर मेसेज आला, "आपली तक्रार बंद करण्यात आली आहे." तक्रार मार्च महिन्यातली, प्रोटीन पावडरीच्या डब्यातल्या स्कूपची, म्हणजे मापाच्या चमच्याची. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत आलं नाही, तक्रार तेवढी बंद झाली. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितेय.

माझं वय ४३, वजन ५८ किलो, राहणार सातारा. शाळेत शिकवते, सकाळी सातची शाळा. आठवड्यात चार दिवस पळते, दोन दिवस जिमला जाते. घर माळकरी, त्यामुळे अंडंही नाही. गेल्या वर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळाले, तेव्हा यवतेश्वरचा घाट चढताना काही वाटलं नाही. वरून परत फिरल्यावर मात्र पंधराव्या किलोमीटरनंतर मांड्या अशा भरून आल्या की उतारावर चालत यावं लागलं. पुढचे चार दिवस शाळेचा जिना कठडा धरून उतरले. जिममधले सर म्हणाले, "मॅडम, तुमचं प्रोटीन कमी पडतंय. व्हे सुरू करा." व्हे म्हणजे दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन. फेब्रुवारीत सुरू केलं. चॉकलेट चवीचा एक किलोचा डबा, किंमत २,४०० रुपये. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगते ती तऱ्हा एकाच कंपनीची असेल असं मला वाटत नाही.

आता स्कूपबद्दल. डब्यावर लिहिलंय: एक स्कूप ३३ ग्रॅम, त्यात प्रोटीन २४ ग्रॅम, एकूण ३० सर्व्हिंग. मी रोज एकच स्कूप घेत होते, तोही सुरीच्या पाठीने सपाट करून. डबा सव्विसाव्या दिवशी संपला. घरात कोणी हात लावला नव्हता. चार दिवसांचे ८० रुपयांप्रमाणे ३२० रुपये गेले कुठे?

दुसरा डबा आला त्या दिवशी दिवाळीच्या ऑर्डरींसाठी घेतलेला वजनकाटा काढला. एक ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो, चकलीची भाजणी आणि लाडवाचं सारण मी त्याच्यावरच मोजते. नव्या डब्यातला स्कूप सपाट भरला: २९ ग्रॅम. जुना स्कूप धुऊन ठेवला होता, त्याने तीच पावडर घेतली: ३८ ग्रॅम. दोन्ही शेजारी ठेवले तर जुना बोटाच्या पेराएवढा खोल. कंपनी तीच, चव तीच, वजन तेच, आणि दोन डब्यांत दोन मापं! दोन्हींवर छापलेला आकडा ३३ ग्रॅम.

फोटो काढून कस्टमर केअरला पाठवले. तीन दिवसांनी फोन आला. मुलगी मराठीच होती, बोलायला चांगली. "मॅडम, वाहतुकीत पावडर खाली बसते, त्यामुळे थोडा फरक पडतो." मी म्हटलं, पावडर बसते हे मान्य, पण स्कूपच वेगळे आहेत त्याचं काय? ती म्हणाली, "वरिष्ठांना कळवते." त्यानंतर सहा ईमेल झाले, दर वेळी नवा माणूस, दर वेळी "फोटो पुन्हा पाठवा".

इथे कंपनीच्या बाजूचंही एक सांगायला हवं. फोननंतर मी नव्या स्कूपने दोन प्रकारे मोजून पाहिलं. डबा हलवून, पावडर मोकळी करून घेतली तर २९, डबा ओट्यावर चार वेळा आपटून घेतली तर ३४. म्हणजे पावडर बसण्यानेच पाच ग्रॅम इकडचे तिकडे होतात. त्या मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं आणि त्या बाबतीत मी उगाच आवाज चढवला. पण मग असं असेल तर स्कूप हे मापच नव्हे, हे त्यांनी डब्यावर ठळक छापायला हवं. आणि दोन आकारांचा खुलासा मला आजतागायत मिळालेला नाही. तेव्हापासून रोज काट्यावर ३३ ग्रॅम मोजून घेऊ लागले. डबा बरोबर तीस दिवस गेला.

काटा ओट्यावर आला आणि मला वाटतं खरा फायदा तिथून सुरू झाला. मार्चच्या एका रविवारी ठरवलं की पावडर मोजतेच आहे, तर पानातलंही मोजू. पोहे, चहाचं दूध, तीन पोळ्या, वाटीभर वरण, भाजी, रात्री दीड भाकरी, आमटी, भात, ताक. सगळं कच्च्या वजनावरून काढलं तर दिवसाचं प्रोटीन भरलं ४८ ग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेलं प्रमाण आहे शरीराच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. ५८ किलोला ते ४८च येतं! म्हणजे आपलं वरण-भात-पोळीचं ताट साध्या दिनक्रमाला पुरतं. ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण जिममध्ये रोज ऐकू येतं की आपल्या जेवणात काही नसतंच.

पण नियमित व्यायाम करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. क्रीडापोषणातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली त्यांच्यासाठी किलोमागे १.४ ते २ ग्रॅम असं सांगितलं. २०१८ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र आढावा आला, १,८६३ माणसांचा. वजनं उचलण्याच्या व्यायामासोबत जास्तीचं प्रोटीन घेणाऱ्यांचं चरबी सोडून बाकीचं वजन सरासरी ३०० ग्रॅमने जास्त वाढलं, ताकदही थोडी जास्त वाढली. आणि दिवसाला किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे कितीही घेतलं तरी स्नायूंत भर पडली नाही. तीनशे ग्रॅम! बाकीची सगळी वाढ व्यायामाची. हा आकडा जिमच्या भिंतीवर लावायला हवा.

मी माझ्यासाठी ८५ ग्रॅम ठरवले. म्हणजे कमी पडत होते ३७. ते सगळे डब्यातूनच का घ्यायचे? प्रोटीनच्या एका ग्रॅमला काय भाव पडतो ते काढलं. पावडर ३ रुपये ३० पैसे. पनीर २ रुपये २० पैसे. दूध १ रुपया ९० पैसे. शेंगदाणे ५६ पैसे. सोयाबीनच्या वड्या ३१ पैसे. (आमच्या दुकानातले भाव, तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे.) मग दुपारच्या डब्यात मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ आली, चाळीस ग्रॅम कोरड्या मटकीची, नऊ ग्रॅम. ताकाऐवजी वाटीभर दही. संध्याकाळच्या चहाबरोबर बिस्किटं बंद, मूठभर भाजलेले शेंगदाणे. एवढ्यात ७१ झाले. आठवड्यातून दोन-तीन दिवस सोयाबीनच्या वीस ग्रॅम वड्या रश्श्यात टाकल्या की ८१. मग पावडर हवी कशाला, असं एप्रिलअखेर मला अगदी ठामपणे वाटायला लागलं होतं, आणि तेव्हाच लिहायला बसले असते तर "पैसे वाया" असंच लिहिलं असतं.

मत बदललं ते जूनमध्ये. शाळा सुरू झाली, पाऊस सुरू झाला आणि तिसऱ्या डब्याच्या तळाशी उरलेल्या पावडरीच्या गाठी झाल्या. झाकण घट्ट होतं, पण मोजताना डबा रोज पाच मिनिटं उघडा राहायचा आणि आमच्याकडची जूनची हवा म्हणजे पापडसुद्धा मऊ पडतात. वासही बदलला होता. शंभरेक ग्रॅम पावडर टाकून द्यावी लागली, जिवावर आलं. त्यानंतर पाच आठवडे पावडर बंद. उसळ, दही, शेंगदाणे चालू होते. ताकद काही कमी झाली नाही, जिममधली वजनं तीच राहिली.

अडचण वेगळीच होती. पहाटे पावणेपाचला उठून दहा किलोमीटर पळायचं, सहाला घरी, अंघोळ, दोन डबे, सातच्या आत शाळा. त्या वेळात उसळ कोण खाणार? नुसत्या चहावर वर्गात उभी राहायचे आणि साडेनऊच्या सुट्टीत जे दिसेल ते खायचे, वडापाव असेल तर वडापाव. दिवसाची बेरीज तिथे ढासळायची. शेंगदाण्यांतून २४ ग्रॅम प्रोटीन घ्यायचं तर शंभरेक ग्रॅम खावे लागतात, म्हणजे साडेपाचशे कॅलरीपर्यंत. पावडरीत तेच १३० कॅलरीत येतं, एका मिनिटात पिऊन होतं आणि पचायला डाळीपेक्षा सोपं. पावडरीची खरी किंमत या एका मिनिटाची आहे. ज्याला सकाळी निवांत नाश्ता करता येतो त्याने हे पैसे खुशाल वाचवावेत.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या कंपनीचं अर्ध्या किलोचं पाकीट आणलं. आता घेते फक्त १६ ग्रॅम, म्हणजे १२ ग्रॅम प्रोटीन, तेही पळण्याच्या आणि जिमच्या दिवशी सोयाबीन नसेल तर. आठवड्याला चार-पाच वेळा. या हिशेबाने अर्धा किलो दीड महिना जातो. "अर्ध्या तासाच्या आत घेतलंच पाहिजे" ही घाई सोडून द्या, दिवसभराची बेरीज महत्त्वाची. पोट फुगत असेल तर दुधात न घेता पाण्यात घ्या. व्हेच्या साध्या प्रकारात, म्हणजे कॉन्सन्ट्रेटमध्ये, दुधाची साखर उरलेली असते, वर आणखी दूध कशाला? मला फेब्रुवारीत तोच त्रास झाला, पाण्यात घेतल्यावर थांबला.

सासूबाईंना सुरुवातीला या डब्याचं फार वावडं होतं. "अगं, हे कसलं औषध? माळेला चालतं का?" मी त्यांच्यासमोर अर्धा लिटर दूध लिंबू पिळून फाडलं, पनीर फडक्यात बांधलं आणि खाली पातेल्यात उरलेलं हिरवट पाणी दाखवलं. "आई, हे पाणी आपण कणकेत घालतो ना, त्यातलंच वाळवून करतात." त्यांनी चमचाभर चाखलं, डब्यावरचा हिरवा ठिपका पाहिला, आणि आता पाऊस आला की पाकीट आत घ्यायची आठवण त्याच करतात.

एका गोष्टीने मात्र झोप उडते. माझ्या दहावीच्या वर्गातली तीन मुलं वर्गणी काढून सुटी पावडर आणतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लेबल नाही, परवाना नाही. पंधरा वर्षांची मुलं. २०२४ साली भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या गेल्या, तेव्हा जवळपास ७० टक्क्यांच्या लेबलवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली आणि काहींत बुरशीचं विषही सापडलं. ही सीलबंद डब्यांची कथा, तर पिशवीत काय असेल? प्रयोगशाळेत प्रोटीन बहुतेकदा नायट्रोजन मोजून काढतात, त्यामुळे ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त द्रव्यं मिसळली तरी आकडा फुगतो. घटकांच्या यादीत ही नावं दिसली तर डबा परत ठेवा. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) चौदा आकडी परवाना क्रमांक पाहा आणि १०० ग्रॅममागे प्रोटीन किती ते पाहा, स्कूपमागे नव्हे. त्या मुलांच्या पालकांना मी बोलावलं होतं, दोघांचे आले. त्यांना म्हटलं, घरात चिकन, अंडी सगळं होतंय, तेच नीट वाढा.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी या पावडरी टाळाव्यात असंच म्हटलंय, मूत्रपिंड आणि हाडांच्या काळजीपोटी. निरोगी माणसाला माफक प्रमाणात अपाय होतो असं माझ्या वाचनात नाही, पण मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चमचाभरही नको. माझ्या वडिलांना तो त्रास आहे, म्हणून मी सुरू करण्याआधी आणि सप्टेंबरमध्ये रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट चालतंय का ते यावरून कळतं) तपासलं. दोन्ही वेळा ठीक.

वडील तरुणपणी कराडजवळच्या तालमीत होते. १९५२ला हेलसिंकीत पदक जिंकलेल्या खाशाबा जाधवांचं गोळेश्वर तिथून हाकेच्या अंतरावर. वडिलांचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. मी पावडरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "बैठका किती मारतेस?" तेव्हा उत्तर होतं शून्य. मार्चपासून सुरू केल्या, वीसपासून शंभरपर्यंत नेल्या, जिममध्ये खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट, आणि पंधरवड्यातून एकदा यवतेश्वरहून उतार पळत यायचं. उतारावर स्नायू ताणला जात असताना भार घेतो, दुखतं ते त्यामुळे, आणि त्याची सवय उतारावरच होते.

या सप्टेंबरात घाट पूर्ण पळत उतरले, एकदाही चालले नाही. दुसऱ्या दिवशी पाय दुखले, पण कठडा न धरता जिना उतरले. याचं श्रेय मी बैठकांना आणि उताराच्या सरावाला देते, थोडं उसळीला, आणि त्या १६ ग्रॅमना त्यांच्या वाट्याचं.

पाच पैकी गुण: पावडरीला साडेतीन, ग्राहक सेवेला एक. जुना ३८ ग्रॅमचा स्कूप रव्याच्या डब्यात आहे, २९चा मी जपून ठेवलाय. ईमेल पुन्हा पाठवलाय, दोन्ही स्कूपच्या फोटोंसकट.