१८,००० रुपये गेले, आणि ३१२ बायांचे नंबरही

नर्सिंग झाल्यावर मी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला लागले. प्रबंधासाठी यवतमाळ जिल्ह्यात झरी-जामणीकडच्या १२ पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, फिरून ३१२ बायांचं हिमोग्लोबिन मोजलं. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे बाया भेटायच्या त्या पहाटे सहाला, नाहीतर दिवे लागल्यावर. माहिती गोळा झाली, पण पुढे काय करायचं ते येईना. मार्गदर्शक म्हणाले, ‘लॉजिस्टिक रिग्रेशन करा.’ आजार असणं-नसणं कशाशी जोडलेलं आहे ते शोधायची ही सांख्यिकी पद्धत. ते कसं करतात, हे विचारायची मला लाज वाटली.

त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात दिसली. आरोग्य संशोधनासाठी सांख्यिकी मॉडेलिंग, २१ दिवसांत, लाईव्ह वर्ग, प्रमाणपत्र, वर शोधनिबंध छापून देण्याची हमी. फी १८,०००, तीही आजच भरली तर. पैसे संस्थेच्या खात्यावर नाही, एका माणसाच्या यूपीआयवर मागितले. बाबांच्या हातात कापसाचा चुकारा नुकताच आला होता, त्यातून भरले.

चौथ्या दिवशी रात्री आठच्या वर्गात सर ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले. मी प्रश्न टाकला, उत्तर नाही. मग त्यांच्या स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. तिथली तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. लाईव्ह म्हणून जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं. फी परत मागितली तर म्हणाले, ‘मॅडम, डेटा पाठवा, आम्हीच विश्लेषण करून देतो.’ आणि मी फाईल पाठवली. नावं, पोड, मोबाईल नंबर, सगळं होतं तिच्यात.

तक्ता आला: जेवणानंतर लगेच चहा पिणाऱ्या बायांना रक्तक्षयाचा धोका २.२५ पट. तो आकडा मी पोडावरच्या बैठकीत सांगूनही टाकला.

पुढे सांख्यिकी शिकवणाऱ्या एका बाईंनी तो तक्ता पाहिला आणि वहीत मांडून दाखवलं. समजा, चहा पिणाऱ्या १०० पैकी ६० जणींना रक्तक्षय आहे आणि न पिणाऱ्या १०० पैकी ४० जणींना. धोका दीडपट झाला. पण लॉजिस्टिक रिग्रेशन धोका नाही, ऑड्स रेशो देतं, म्हणजे आधी प्रत्येक गटात आजारी भागिले निरोगी, मग त्या दोन आकड्यांचं गुणोत्तर: ६० भागिले ४० म्हणजे १.५, ४० भागिले ६० म्हणजे ०.६७, आणि त्यांचं गुणोत्तर २.२५. आजार दुर्मीळ असला तर दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात. रक्तक्षय आपल्याकडे दुर्मीळ कुठला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना तो आढळला.

आणखीही होतं. रक्तक्षय ठरवायची हिमोग्लोबिनची मर्यादा गरोदर बाईसाठी ११ ग्रॅम, इतरांसाठी १२; कोर्सवाल्यांनी सरसकट १२ लावली होती. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रकाना काढूनच टाकलेला, आणि तोही विदर्भात, जिथे तो बराच आढळतो! एका पोडावरच्या बाया एकाच हातपंपाचं पाणी पितात, एकाच दुकानाचं रेशन खातात. त्यांना एकमेकींशी संबंध नसलेल्या ३१२ बाया धरलं की निष्कर्ष आहे त्याहून पक्का दिसतो. हे शिकवायचं सोडून त्यांनी फक्त बटणं दाबली होती.

नंतर छपाईसाठी २२,००० मागितले. निबंध चार दिवसांत स्वीकारला, परीक्षकाचा एकही प्रश्न नाही. तेव्हा मी थांबले. त्यानंतर दोन पोडांवरच्या बायांना ‘कर्ज देतो’ म्हणून फोन यायला लागले. नंबर तिथूनच गेले हे मला सिद्ध करता येत नाही, पण फाईल मी दुसऱ्या कोणालाच दिली नव्हती.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली ती तीन महिन्यांनी. तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते. तुमच्यावर वेळ आली तर त्याच दिवशी फोन करा. शिकायचंच असेल तर ‘आर’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे. आयसीएमआरच्या चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाईन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आहे. तो पैसे न भरता शिकता येतो, फी परीक्षेची. कोणी पैसे मागितलेच तर आधी विचारा, एका गावातल्या माणसांची माहिती तुम्ही मॉडेलमध्ये कशी हाताळता? आणि नावांची फाईल कोणालाही देऊ नका.

ज्या बाईंच्या अंगणात बैठक घेतली होती, त्यांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘पैसे गेले तं गेले ताई, पन आमचे नंबर कायले धाडले?’ मला उत्तर देता आलं नाही. अजून चार पोडांवर जाऊन सांगायचं आहे. पुन्हा वेचणी चालू आहे, म्हणून उद्या पहाटेच निघते.