वळवाचा अंदाज: दक्षिण कोकणातल्या बागायतदाराने कशावर विसंबावे?

एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंबा बागायतदाराला रोज दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: उद्याच्या काढणीसाठी गडी सांगायचे की नाही, आणि आज दुपारनंतर झाडावर चढलेल्यांना केव्हा खाली बोलवायचे. पहिला निर्णय चुकला तर मजुरी किंवा फळ वाया जाते, दुसरा चुकला तर जीव जातो. त्यामुळे दोन्हींसाठी एकाच साधनावर विसंबणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

वळवाचे ढग उभे राहतात ते बहुधा घाटमाथ्यावर. दुपारी समुद्रावरून येणारा दमट वारा सह्याद्रीचा चढ चढून वर तापलेल्या हवेत मिसळतो, आणि वरच्या थरांतले वारे पूर्वेकडून वाहत असतील तर तयार झालेले ढग संध्याकाळी घाट उतरून किनाऱ्याकडे सरकतात. एकेका ढगाचा घेर काही किलोमीटरचा आणि आयुष्य साधारण अर्ध्या ते एका तासाचे असते, म्हणूनच आंबोलीत झोडपणारा पाऊस देवगडात अनेकदा पोचतही नाही.

मोबाइलवरच्या सर्वसाधारण हवामान ॲपमधले दर तासाचे पावसाच्या शक्यतेचे टक्के बहुतेकदा जागतिक प्रारूपांवर, म्हणजे साऱ्या जगाच्या हवेचे गणित संगणकावर मांडून काढलेल्या अंदाजांवर, आधारलेले असतात. हे गणित जमिनीचे चौकोनी तुकडे पाडून केले जाते, त्या एकेका तुकड्याला चौकट म्हणू. त्यांतल्या अमेरिकी प्रारूपाची चौकट सुमारे १३ किलोमीटरची, तर युरोपीय प्रारूपाची सुमारे ९ किलोमीटरची आहे. कोकणपट्टीची रुंदी जेमतेम ४० ते ६० किलोमीटर असल्यामुळे किनाऱ्यापासून घाटापर्यंतचा सारा उतार अशा मोजक्याच चौकटींत बसवावा लागतो आणि घाटाचा उभा कडा त्यात बोथट होतो. अशा ॲपने संध्याकाळी पाच वाजता माझ्या गावात पाऊस पडेल असे सांगितले, तरी त्यातली वेळ आणि गाव मी गंभीरपणे घेत नाही. भारतीय हवामान विभागाने मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकटीचे प्रारूप वापरात आणले आहे. ही प्रगती मोठी आहे, परंतु एकेकटा ढग पकडण्यासाठी तीही चौकट मोठीच पडते.

त्यामानाने हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा अधिक प्रामाणिक वाटतो, कारण तो गावाचे नाव घेण्याचा आवच आणत नाही. सिंधुदुर्गाला पिवळा किंवा नारिंगी इशारा असेल तर त्या दिवशीची हवा ढग उभे राहण्यास अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा. गडी सांगण्याचा निर्णय याच इशाऱ्यावर घ्यावा, असे मी सुचवेन: सावंतवाडी-कणकवलीच्या बाजूला बाग असेल तर काढणी सकाळीच उरकावी आणि क्रेट दुपारपूर्वी छपराखाली न्यावेत, मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर थोडी अधिक सवड धरता येते.

दुपारनंतर मात्र डॉप्लर रडारचे, म्हणजे रेडिओलहरी सोडून ढगांतला पाऊस आणि त्याची चाल टिपणाऱ्या यंत्राचे, चित्र पाहावे. ढग कोठे आहे आणि कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे दुसरे कोणतेही साधन इतके स्पष्ट दाखवत नाही. एकच चित्र पाहून उपयोग नाही. लागोपाठची तीन-चार चित्रे पाहिली तरच चाल कळते. चित्रावरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत असेल तर तीत साडेपाच तास मिळवावेत, नाहीतर जुनेच चित्र ताजे समजले जाते. सिंधुदुर्गाला पणजीचे रडार जवळ आहे. रत्नागिरी मात्र मुंबई आणि पणजी या दोन्हींपासून दूर पडते आणि अंतराबरोबर रडारचा झोत जमिनीपासून उंच जात असल्याने तिथे उंच ढग दिसतात, पण ढगाची पहिली वाढ निसटू शकते. रत्नागिरीकरांनी म्हणूनच रडारच्या जोडीला हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाजही पाहावा.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप प्रत्येक गड्याच्या मोबाइलवर असावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते पडलेल्या विजांच्या नोंदीवर चालते. डोक्यावरच वाढलेल्या ढगातून पडणाऱ्या पहिल्या विजेची सूचना त्याच्याकडून मिळेलच असे नाही, आणि रेंज नसलेल्या बागेत तर ते मुकेच राहते. तिथे कानांवर भिस्त ठेवावी लागते. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) तिथेच टाकून सर्वांनी पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्याशिवाय झाडाखाली परतू नये.