पत्ता सोडून सगळं खरं होतं

पोराच्या जर्मनीतल्या पत्त्यापायी मी एजंटाकडून कसा फसलो, हे लिहू नका, असं आमच्या घरात मत पडलं. पोराच्या आईचं म्हणणं, गावभर शोभा कशाला. पोरगं म्हणालं, "आण्णा, माझं नाव तेवढं घालू नका." नाव घालत नाही, तो राहतो त्या शहराचंही घालत नाही. पण कोल्हापुरात हल्ली इंजिनिअरिंग झालेल्या प्रत्येक तिसऱ्या घरात जर्मनीचं बोलणं निघतं, आणि माझ्यासारखे बाप त्याच जिन्यानं वर चढतात ज्यानं मी चढलो. म्हणून लिहितोय.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत तीस वर्षं काढली. पॅटर्न शॉपला लागलो, सुपरवायझर होऊन बाहेर पडलो. पोरानं मेकॅनिकल केलं आणि जर्मनीत मास्टर्सला प्रवेश मिळवला, तो सगळा स्वतःच्या हिकमतीवर. भारतातल्या विद्यार्थ्यांना तिकडं जायला एपीएसचं, म्हणजे इथली शिक्षणाची कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र लागतं, त्याचे १८,००० रुपये त्यानं स्वतः ऑनलाइन भरले. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे महिन्याला ठरलेलीच रक्कम काढता येते अशा खात्यात, ठेवावे लागतात, त्यासाठी घरावर कर्ज काढलं. मुंबईला जाऊन व्हिसाचं करून आला. इथवर एजंट नावाचा प्राणी आमच्या उंबऱ्यात नव्हता. हे मुद्दाम सांगतोय, कारण जे खरोखर अवघड होतं ते पोरानं एकट्यानं केलं, आणि जे सोपं होतं तिथं मी शहाणपणा केला.

झालं असं, की तालमीत संध्याकाळी बसायला येणाऱ्या एका मित्राचा भाचा तिकडं जाऊन आला होता. मित्र म्हणाला, "पोरगं तिथं उतरल्यावर खरी गंमत चालू होतीया. आपल्या वळखीचा माणूस हाय राजारामपुरीत. त्याच्या कानावर घाल."

आता तुम्हीच सांगा, कोल्हापुरात आपण कुठलं सरकारी काम ओळखीशिवाय केलंय? फेरफार नोंदवायचा म्हटलं की आधी विचारतो, तलाठी कुणाच्या गावचा. आरटीओच्या दारात गाडी लावायच्या आधी एजंटाचा फोन लावतो. साहेब वाईट असतो म्हणून नव्हे, आपल्याला सवयच तशी. खिडकीवर थेट जाणारा माणूस आपल्याला भोळा वाटतो. मी तीच सवय घेऊन राजारामपुरीतला तो जिना चढलो.

माणूस गोड. एसी केबिन, भिंतीवर युरोपचा नकाशा, समोर चहा. त्यानं सांगितलं, की जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला तिकडं आनमेल्डुंग म्हणतात. नाही नोंदवला तर १,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणीसाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, त्याचं नाव एवढं लांब की मला अजून उच्चारता येत नाही. नोंदणीचा कागद नसला तर बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, आणि खातं नसलं तर ब्लॉक्ड खात्यातले महिन्याचे ९९२ युरो हातात यायला अडचण. कराचा नंबर त्या नोंदणीवरूनच मिळतो. आणि भाड्यानं खोली मिळणं तिथं महाकठीण. मिळाली तरी पोटभाडेकरू म्हणून मिळते आणि सही द्यायला कुणी तयार होत नाही.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी नंतर पोराकडून एकेक तपासून घेतलं. सगळं खरं. फक्त शेवटी तो म्हणाला, "पत्त्याची काळजी सोडा, पत्ता आमचा." त्या एका शब्दात सगळी लबाडी होती, आणि मला वाटलं, केवढा आधार झाला!

'सेटलिंग पॅकेज' म्हणून ३५,००० रुपये. रोख. पावती दिली पाच हजारांची, वर लिहिलेलं 'मार्गदर्शन शुल्क'. बाकीच्याचं काय विचारलं तर हसून म्हणाला, "काका, तिकडच्या माणसाला द्यायचे असतात, त्याची पावती कशी देऊ?" मी मान डोलावली. चहापाण्याची पावती असते का कुठं!

पोरगं २०२४ च्या सप्टेंबरअखेर गेलं. पितृपंधरवडा चालू होता, आजीनं कुरकुर केली, पण कॉलेज थोडंच थांबणार. तिकडं तो आधी तीन मराठी पोरांच्या खोलीत कोपऱ्यात राहिला. तिथं सही मिळणार नव्हती, खोलीत आधीच माणसं जास्त झालेली. दरम्यान राजारामपुरीवाल्या साहेबांचा फोन. नोंदणीसाठी वेळ घ्यावी लागते, तिला टर्मिन म्हणतात, आणि दोन महिने टर्मिन मिळत नाही. 'लवकरची' हवी असेल तर २८,००० वेगळे. हे मी फोनवरून पाठवले, आणि पैसे ज्या नावावर गेले ते साहेबांचं नव्हतं. ते मी बघितलं होतं. बघूनही पाठवले.

टर्मिन फुकट असतं. त्या शहराच्या संकेतस्थळावर कुणीही घेऊ शकतो. रद्द झालेल्या वेळा परत मोकळ्या होतात, सकाळी लवकर बसलं की बहुतेक मिळून जाते. काही अडलं तर तिकडं ११५ हा सरकारी कामांच्या चौकशीचा नंबर आहे. पोराच्या शहरात नोंदणीलाही एक पैसा लागत नव्हता. म्हणजे ६३,००० रुपयांपैकी २८,००० मी फुकटच्या रांगेत उभं राहण्याचे दिले, आणि ३५,००० पोराला अडचणीत घालण्याचे.

दसऱ्याच्या दिवशी फोटो आला. नोंदणीचा कागद, त्यावर ऑफिसचा शिक्का. दसरा चौकातनं सोनं लुटून आलो होतो, शेजाऱ्यांना आपट्याची पानं देताना प्रत्येकाला तो फोटो दाखवला. तिकडच्या माणसानं फॉर्मवर घरमालक म्हणून सही दिली होती, पोरानं नोंदणीच्या अर्जावर आपली सही केली होती, ऑफिसातल्या बाईनं पाच मिनिटांत नोंद करून दिली होती. कागद खरा, शिक्का खरा. त्या घरात पोरानं पाऊल ठेवलेलं नव्हतं.

आमच्या धंद्यात कास्टिंगला ब्लो होल असतो. बाहेरनं माल चकचकीत, ठोकून बघा, रंग द्या, काही कळत नाही. मशीनवर चढवून कट मारला की आत पोकळी दिसते. तोवर गिऱ्हाइकाच्या दारात माल पोचलेला असतो. आमचा कट दिवाळीनंतर लागला.

जर्मनीचं एक मला माहीत नव्हतं. तिथं आजही सगळं पोस्टानं येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड तिसऱ्यात. अकरा आकडी कर क्रमांकही पत्रानंच येतो, नोंदवलेल्या पत्त्यावर. आणि पोस्टमन पत्र टाकतो ते पेटीवरचं नाव वाचून. पेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत. आपल्याकडं 'अमुक यांचे घरी' लिहिलं की मारुतीच्या देवळापाशी विचारत विचारत पोस्टमन पोचतो, तसं तिथं नाही.

पोराची पत्रं येईनात. गोदामात अर्धवेळ काम धरलं होतं, तिथं मालकानं कर क्रमांक मागितला. तो नव्हता, म्हणून पगारातून सर्वांत जड, सहाव्या वर्गाचा कर कापला. पुढं विवरणपत्र भरून ते पैसे परत मागता येतात, पण त्या महिन्याचं भाडं तर त्या महिन्यातच द्यायचं असतं. शेवटी पोरगं त्या पत्त्यावर गेलं. जुनी इमारत, खाली पत्र्याच्या पेट्यांची ओळ. एका पेटीवर चिकटपट्ट्यांवर चिकटपट्ट्या लावून अकरा नावं. पाच-सहा आडनावं आपल्या बाजूची. आमचं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या माणसानं दारातूनच सांगितलं, नाव चिकटवायचं आणि पत्रं सांभाळायची तर महिन्याला ५० युरो. पोरानं तीन महिन्यांचे १५० देऊन टाकले. मला सांगितलं नाही. मी त्याला नंतर रागावलो, पण मी तरी त्याला २८,००० चं कुठं सांगितलं होतं?

डिसेंबरात दुसरा कट. व्हिसा तीन महिन्यांचा होता, तो संपायच्या आत तिथल्या राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. त्या कामाला गेला तर खिडकीवरच्या बाईनं संगणकात बघून सांगितलं, तुम्ही या शहरात राहत नाही. एकाच लहान घरात इतकी नावं बघून ऑफिसनं चौकशी केली होती. खुलासा मागणारं पत्रही पाठवलं होतं. कुठल्या पत्त्यावर, ते सांगायला नको. उत्तर आलं नाही म्हणून नोंद त्यांनी आपणहून रद्द केली. व्हिसा संपायला बारा दिवस उरलेले.

रात्री साडेनऊला फोन आला, तिकडं पाच वाजले होते. पोरगं रडत नव्हतं, एकेक शब्द मोजून बोलत होतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

तिथल्या कायद्यात खोटा पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. पुरवणारा वेगळा आणि नोंदवणारा वेगळा, पण नोंदणीच्या कागदांवर दोघांच्याही सह्या असतात. राजारामपुरीच्या केबिनमध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं आपण कागद विकत घेतोय, जसा स्टॅम्प पेपर घेतो. प्रत्यक्षात मी पोराची सही एका खोट्या गोष्टीखाली विकत घेत होतो.

सुटका कशी झाली ते सांगतो, कारण ती फुकट झाली. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक कार्यालय असतं. पोरानं तिथं जाऊन काही न लपवता सांगितलं. तिथल्या बाईंनी दोन दिवसांत विद्यार्थी वसतिगृहातली एक खोली काढून दिली. खोली ज्या मुलाची तो एक सत्र बाहेरगावी गेलेला, आणि वसतिगृहाच्या लेखी परवानगीनं ती दुसऱ्याला देता येत होती. खरी सही, खरी नोंद. व्हिसा संपायच्या दोन दिवस आधी परवान्याचा अर्ज गेला. मुदतीच्या आत अर्ज केला की निकाल लागेपर्यंत तिथं राहता येतं, तसा तात्पुरता कागदही देतात. खोट्या पत्त्याबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. दंड झाला नाही. अजून तरी नाही.

मी मात्र इकडं राजारामपुरीला गेलो. पहिल्या खेपेला साहेब म्हणाले, "काका, काम तर करून दिलं ना? शिक्का मिळाला ना?" दुसऱ्या खेपेला म्हणाले, तिकडचा पार्टनर फुटला, आमचीही फसवणूक झाली. तिसऱ्या खेपेला केबिनला कुलूप, पाटी उतरवलेली, स्क्रूची चार भोकं भिंतीत. तालमीतला मित्र म्हणाला, "मला काय म्हाईत राव, भाच्यानं सांगितलं म्हणून मी सांगितलं." भाचा फोन उचलत नाही.

पोलिसांत गेलो. हवालदारानं नीट ऐकून घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानं विचारलेले प्रश्न असे होते की प्रत्येकाचं उत्तर माझ्याच विरुद्ध जात होतं. पावती? पाच हजारांची, मार्गदर्शनाची. मार्गदर्शन मिळालं? मिळालं. उरलेली रक्कम? रोख. साक्षीदार? कुणी नाही. फोनवरून पाठवलेले २८,०००? त्याची नोंद आहे, पण चार महिने झाले. असे पैसे गेले की लगेच, त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला कळवायचं असतं, म्हणजे समोरच्या खात्यात आहेत तोवर गोठवता येतात, हे त्यानंच सांगितलं. आणि मग हळू आवाजात, "काका, फॉर्मवर पोराची सही हाय न्हवं?"

तिथं मी थांबलो. असल्या धंद्याची सगळी मजबुती याच जागी आहे. गिऱ्हाईक सहीनिशी भागीदार झालेलं असतं, मग ते ओरडणार कसं? त्या पेटीवरच्या अकरा नावांपैकी कुणीच बोललं नसणार, ते याच कारणानं. मी तीन दिवस विचार केला, पोराला विचारलं, त्यानं तिकडच्या ऑफिसला खुलासा आधीच दिला होता म्हणून पोलिसांत अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडं आहे. पुढं काही हललेलं नाही.

कुणी मला विचारायला येतं तेव्हा मी एवढंच विचारायला सांगतो : ज्या पत्त्याचा फॉर्म देताय, त्या पत्त्यावर आमचं पोरगं आज रात्री झोपेल का? पेटीवर आमचं आडनाव लागेल का? यावर समोरचा हसून चहा मागवायला लागला तर उठा. रोखीत एक रुपया देऊ नका. कुणी 'टर्मिन' विकत असेल तर समजा, तो तुम्हाला पंचगंगेचं पाणी घाटावर उभा राहून विकतोय. आणि आपलं पोरगं तिकडं पोचलंय, तिथली भाषा थोडीफार बोलतंय, तर खिडकीवर त्यालाच जाऊ द्या. इथं बसून ओळखी काढू नका. मी काढली ती ओळख माझी होती, भोगलं पोरानं.

आता एकच गोष्ट लोंबकळतेय. जर्मनीत प्रत्येक घरामागे टीव्ही-रेडिओची वर्गणी असते, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. पत्ता नोंदवला की त्यांना आपोआप कळतं. त्या जुन्या पत्त्यावर पोराच्या नावानं तीन महिन्यांचं ५५.०८ युरोचं बिल निघालंय. वर्गणी माणशी नसते, घरामागे एकच असते, आणि त्या घरात तर आम्ही कधी राहिलोच नाही, असं पोरानं त्यांना लिहून कळवलंय. उत्तर अजून नाही. ते कुठल्या पेटीत पडतंय, ते बघायचं.