सोसायटीचा बायोगॅस: एक टाकी घ्यावी की दोन?

दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा निघणाऱ्या किंवा 20,000 चौरस मीटरहून मोठ्या आवाराच्या सोसायट्यांनी ओला कचरा जागेवरच जिरवावा, असा मुंबई महापालिकेचा 2017पासूनचा आग्रह आहे. गॅस करायचं ठरलं की कमिटीपुढे दोन तऱ्हेची कोटेशनं येतात. एक तरंगत्या ड्रमच्या (गॅस साठला की वर येणाऱ्या झाकणाच्या) साध्या टाकीचं, दुसरं दोन टाक्यांचं. चर्चा किमतीवरच अडकते, पण आधी बघायला हवा तो आपला कचरा.

एका टाकीत दोन प्रकारचे जिवाणू एकत्र नांदतात. पहिले अन्न फोडून आम्ल करतात, दुसरे त्या आम्लापासून मिथेन. पहिल्यांचा वेग फार, दुसरे सावकाश. भात, पोळी, बटाट्याचं खरकटं लवकर कुजतं. एकाच दिवशी जास्त ओतलं की आम्ल साठतं, पीएच (आंबटपणाचं माप; आकडा कमी तितकं आंबट) साडेसहाच्या खाली जातो आणि मिथेनचं काम थंडावतं. मग ड्रम वर आलेला दिसतो, पण शेगडी पेटत नाही, कारण आत बराचसा कार्बन डायऑक्साइडच असतो. सणासुदीच्या तेलकट-गोड खरकट्याने हे होण्याची भीती जास्त.

दोन टाक्यांत ही कामं वेगळी होतात. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ पद्धतीत पहिल्या टाकीत हवा आणि गरम पाणी देऊन कचरा फोडतात, मग तो लगदा बंद टाकीत जातो. कमी-जास्त कचरा ही जोडी बरी पचवते आणि दुसऱ्या टाकीतला मुक्कामही घटतो. मात्र हवेचा पंप, गरम पाण्याची सोय आणि रोज लक्ष देणारा जाणता माणूस, हे सगळं लागतं.

गॅसचा हिशेब असा: 100 किलो निवडलेल्या अन्नकचऱ्यातून, संयंत्र नीट चाललं तर, साधारण 8 ते 10 घनमीटर. एक घनमीटर म्हणजे अर्ध्या किलोला थोडा कमी एलपीजी. म्हणजे दर तीन-चार दिवसांत एक घरगुती सिलिंडर वाचतो. कुणी याच्या दुप्पट आकडा सांगत असेल, तर त्याने बसवलेल्या जुन्या संयंत्राचं मीटर दाखवायला सांगा.

माझं मत स्पष्ट आहे. 100-200 किलोच्या सोसायटीने एक टाकी घ्यावी आणि वाचलेले पैसे ग्राइंडर आणि निवडीवर खर्च करावेत. कचरा बारीक झाला की जिवाणूंना लवकर खाता येतो. सुरुवातीला गोरेगाव-जोगेश्वरीकडच्या तबेल्यातलं ताजं शेण भरपूर घालावं, पुढेही अधूनमधून थोडं. शेणातून मिथेनचे जिवाणू येतात आणि आम्लाचा झटकाही सौम्य होतो. रोज ठरलेलं वजनच टाकीत, उरलेलं कंपोस्टच्या खड्ड्यात. लिंबू-संत्र्याच्या साली, हाडं, नारळाच्या करवंट्या टाकीपासून लांब. मुंबईची हवा या कामाला फार सोयीची आहे: 35 अंशांच्या आसपास हे जिवाणू जोमात असतात आणि इथे कडाक्याची थंडी पडत नाही.

निवडीत सगळ्यात जास्त छळतो तो दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. बोटाच्या पेराएवढा तुकडा, खरकट्यात दिसतच नाही, पण असे मूठभर जमले की पंप तुंबतो. हाउसकीपिंगच्या माणसाने चिमट्याने वेचत बसायचं आणि आपण टाकीला नावं ठेवायची, हे बरोबर नाही. कोपरा पिशवीला लटकताच ठेवा, घरोघरी एवढं सांगितलं तरी पुरतं.

मोठं कॅन्टीन, हॉटेल किंवा भाजी मंडई असेल, रोजचा आकडा टनाकडे झुकत असेल आणि तो सारखा वर-खाली होत असेल, तर दोन टाक्यांचा जादा खर्च वसूल होतो.

आणि गॅस जाळणार कोण, हे खरेदीआधी ठरवा. गॅसचा दाब कमी असतो, त्यामुळे स्वयंपाकघर जवळ हवं. क्लबहाउसचं किचन किंवा कर्मचाऱ्यांची चहा-नाश्त्याची शेगडी असली तर उत्तम. जवळ वापर नसेल तर कंपोस्टच करा. वापर असेल तर हायड्रोजन सल्फाइड (बायोगॅसमधला घाण वासाचा, धातू गंजवणारा वायू) पकडणारा लोखंडी किसाचा फिल्टर कोटेशनमध्ये लिहून घ्या, आणि दर आठवड्याला पीएच कोण तपासणार, टाकी आंबली तर किती तासांत माणूस येणार, हेही.