विलोच्या सालीचा डबा : साल उत्तम, माहितीपत्रक कच्चं

मी फार्मसीच्या मुलांना वनस्पतिजन्य औषधं शिकवते. वर्गात दाखवायला विलो या झाडाच्या वाळलेल्या सालीचा नमुना-डबा मागवला.

साल खरोखर छान आहे. तुकडे बोटभर लांब, बाहेरून करडे, आतून फिकट तपकिरी. मोडला की कडेला चिवट धागे दिसतात. कण जिभेवर ठेवला तर आधी काहीच नाही, मग कडूपणा पसरतो आणि तोंड आवळतं. याच चवीने एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्रीला हिवतापावर दिल्या जाणाऱ्या सिंकोना झाडाच्या कडू सालीची आठवण झाली. त्याने साधारण पौंडभर साल बेकरीच्या भट्टीलगत तीन महिन्यांहून जास्त वाळवली, पूड केली आणि हिवतापाच्या सुमारे 50 रुग्णांना दिली. 1763 साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला कळवलं. हा प्रसंग सांगताना मुलांच्या हातात साल असली की वर्ग एकदम जागा होतो.

माहितीपत्रकावर मात्र मी नाराज आहे. त्यात ‘प्राचीन वैद्य ॲस्पिरिन वापरत’ असं छापलंय. हे चूक आहे! सालीत असतं सॅलिसिन हे ताप-वेदना कमी करणारं नैसर्गिक द्रव्य, जे 1828 मध्ये वेगळं केलं गेलं. ॲस्पिरिन प्रयोगशाळेत बनलं आणि 1899 मध्ये बाजारात आलं. स्टोनचं तर नावही नाही.

झाकण घट्ट बसतं, दमट हवेतही बुरशी आली नाही. पाचपैकी चार तारे. पत्रक दुरुस्त केलं तर पाचवा आनंदाने देईन.